माझ्याच मापाचं डोकं

२१ नोव्हेंबर ८८, सोमवार
बोरसे सरांनी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बोलावलं. ते मराठी शिकवतात, गॅदरिंगचं नाटक दरवर्षी तेच लिहितात नि बसवतात. यंदा आकाशातून एक यंत्रमानव अमळनेरजवळ कापसाच्या शेतात पडतो, एक म्हातारी त्याला घरी नेते आणि अहिराणी शिकवते, असं काहीतरी. यंत्राचं काम केमिस्ट्रीचे पाटील सर करणार.
"विजू, सिनेमात असतं तसं डोकं पाहिजे. पुठ्ठ्याचं नको. डोळे पेटले पाहिजेत."
म्हटलं, सर, मी फिजिक्सची लॅब असिस्टंट. भिंगं पुसते, वायरी जोडते. असलं कधी केलं नाही.
"वायरी जोडतेस ना? मग झालं."
हो म्हणून आले. का म्हटलं कुणास ठाऊक. घरी येताना पांझरा नदीच्या पुलावर मात्र फार बरं वाटत होतं.

२४ नोव्हें.
आईचं जुनं जर्मनचं पातेलं डोक्यावर पालथं घालून पाहिलं. जड. आत स्वतःचाच श्वास भोंग्यासारखा ऐकू येतो. आई दारात.
"हाई काय शे?"
"यंत्राचं डोकं."
"मना पातेलानं?"
पातेलं परत जागेवर.

२७ नोव्हें. रविवार
अमळनेरचे लोक पाहायला आले. मुलगा मनोहर, शाळेत गणित शिकवतो. सोबत त्याची आई. वडील नाहीत. आईच सगळं बोलत होत्या. "नोकरी चालेल आम्हाला. पण नाटकबिटक, नाचगाणं असलं काही नाही ना? आमच्याकडे चालत नाही."
नाना म्हणाले, "छे. आमची विजू कधी स्टेजवर चढली नाही." खरंच आहे ते.
मुलाने एकच विचारलं, लॅबमध्ये कोणतं काम आवडतं. आजवर आठ जणांनी पाहिलं, स्वयंपाकाचं सगळ्यांनी विचारलं, हे कुणी नाही. म्हटलं, बंद पडलेलं सुरू करायला आवडतं. तो हसला. निदान तसं वाटलं. मी खाली बघत होते.
संक्रांतीनंतर कळवतो म्हणाले.

४ डिसें. रविवार. जळगाव
ताईकडे आले. भाऊजी प्लॅस्टिकच्या पाईपच्या कारखान्यात आहेत. मी पत्रात लिहिलं होतं तसं त्यांनी दहा इंची पाईपचा एक तुकडा आणून ठेवलेला, भंगारातला. म्हणाले, हा पाईप उभा चिरून शेकला की भाकरीसारखा उलगडतो. मग मऊ असताना ज्याच्यावर दाबशील त्याचा आकार घेतो.
पण दाबायचं कशावर? पाटील सरांना धुळ्यात दोनदा म्हटलं होतं, सर, अर्धा तास बसा, माप घेते. ते म्हणाले, भांग बिघडेल. म्हणून ताईने माझ्याच डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली नि खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या लावल्या, नाक-तोंड मोकळं ठेवून. दोन तास अंगणात उन्हात बसून होते. शेजारच्या काकू विचारून गेल्या, मुलीला काय लागलं म्हणून. ताई हसून हसून बेजार. वाळल्यावर मागून कापून काढलं, आत प्लास्टर ओतलं. आता ताईच्या कपाटावर माझं डोकं आहे, नाक नसलेलं.
पाटील सरांसाठी सगळीकडून एक इंच जास्त धरायचं ठरलं.

११ डिसें. रविवार. जळगाव
परत गेले. साच्यावर चिंध्या गुंडाळून इंच वाढवला. भाऊजींनी पाईप शेकला, हातात गोणपाटाचे तुकडे घेऊन दोघांनी दाबला. दोन तुकडे, पुढचा आणि मागचा. वास असा की ताईने मुलांना बाहेर पिटाळलं. तिसऱ्या खेपेला जमलं. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं आलं. भाऊजी कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले, "आयुष्यभर गोलच केले. हे पहिलं काहीतरी वेगळं."
बसमध्ये मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट?

१३ डिसें.
घोटाळा. पाईप थंड होताना आवळला. पाटील सरांच्या कपाळावरच अडकतो. त्यांनी ढकलून पाहिला, कान लाल झाले. मला मात्र बरोबर बसतो, चिंधीचा एक पदर आत लावला तर हलत पण नाही.
पाटील सर म्हणाले, बरंच झालं, मला त्यात गुदमरायला होणार होतं. मला दुसरं काम द्या.
बोरसे सर माझ्याकडे बघत राहिले. मी ओळखलं नि म्हटलं, नाही सर. दुसरं करते, जळगावला जाते.
"दुसरं होईल तोवर गॅदरिंग उरकेल. आणि तुझ्यासारखी अहिराणी येते कुणाला इथे?"
उद्या सांगते म्हटलं.

१४ डिसें.
नाही सांगायला गेले होते. तालमीला बसले नुसती. म्हातारीचं काम करणारी टी.वाय.ची मुलगी विचारते, तू कोण? यंत्राचं वाक्य वाचायला कुणी नव्हतं. वाचलं. "मी कोन शे, माले बी माहीत नही."
सरांनी ते पुन्हा वाचायला लावलं. नंतर सर म्हणाले, नाव कुठेच छापत नाही. डोक्याच्या आत कोण, कुणाला कळणार?
हो म्हटलं. घरी सांगितलं नाही. फक्त डोकं बनवतेय एवढंच माहीत आहे त्यांना.

१९ डिसें.
डोळे. टेबलटेनिसचा चेंडू मधोमध कापून दोन वाट्या केल्या, आत टॉर्चचे बल्ब. पेटवले तर सुंदर, दुधी. पाच मिनिटांत करपल्याचा वास. डावा डोळा पिवळा, मग तपकिरी. पटकन उपटला म्हणून. असला चेंडू भस्सकन पेटतो, लॅबमध्ये काम करून हे मला सुचू नये.
आई: "बठ्ठा घरमा वास सुटना शे."

२० डिसें.
गल्ली नंबर चारमधल्या शेखचाचांकडे गेले. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आमचे लॅबचे मीटर त्यांच्याकडेच जातात. त्यांनी लाल एलईडी दाखवले. गरम होत नाहीत. एका डोळ्याला चार घेतले. सोबत शंभर ओहमचे रेझिस्टन्स. चाचा म्हणाले, "नुसते पेटले तर बाहुलीचे डोळे. माणसाचे डोळे कमीजास्त होतात." आणि एका मेलेल्या रेडिओचा व्हॉल्यूम कंट्रोल काढून दिला. तो हाताच्या तळव्यात धरायचा, वायर बाहीतून वर. अंगठा फिरवला की डोळे मंद, फिरवला की तेज.
हे मला सुचलं नव्हतं.

२४ डिसें.
जमलं. पेटणारे डोळे माझ्या कपाळाच्या उंचीवर आहेत, मी खाली तोंडाच्या जाळीतून बघते. जाळी म्हणजे चहाची गाळणी. सेल मागे, मानेशी, म्हणजे डोकं पुढे झुकत नाही. वाफेसाठी मागे अकरा भोकं.
तालमीत पहिल्यांदा घातलं. आत गेलं की कुणी बघत नाही असं वाटतं. खरं तर सगळेच बघत असतात. म्हातारी भाकरी देते तिथे मी आपोआप अंगठा हळूहळू फिरवला. सर म्हणाले, हे कुणी सांगितलं तुला? म्हटलं, कुणी नाही.

८ जानेवारी ८९, रविवार
काल नाटक झालं. लिहायला बळ नव्हतं काल.
हॉल भरलेला. दुसऱ्या अंकात उजवा डोळा गेला, वायर सुटली असणार. मी मान उजवीकडे वळवूनच बसले, म्हातारीचं काम करणाऱ्या मुलीने ओळखून माझ्या उजव्या बाजूला येऊन वाक्यं म्हटली. लोकांना वाटलं तसंच बसवलंय. शेवटी यंत्र परत जातं तेव्हा मागच्या बाकांवरची टारगट पोरंसुद्धा गप्प.
मग सगळे रांगेत उभे. मी डोकं काढलं नाही. ठरलं होतं तसं.
प्राचार्य म्हणाले, पाटील सरांनी कमाल केली. पाटील सर म्हणाले, मी नव्हे. पण हसत म्हणाले, त्यामुळे कुणाला पटलं नाही. नाना पण घरी येताना म्हणाले, तो पाटील गुणी माणूस आहे.
आई भाकरी थापताना म्हणाली, "तो आवाज तुना व्हता."
हो म्हटलं.
"माले वाटनंच." आणि पुढची भाकरी घेतली.

१७ जाने.
अमळनेरहून पत्र. पसंत आहे. फेब्रुवारीअखेर बोलणी करायला या. नानांनी पत्र देवापुढे ठेवलं. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. लॅबबद्दल विचारणारा आहे.

२३ जाने.
बोरसे सर खुशीत. नाटकाला बोलावणं, बारा फेब्रुवारी. कुठे तर अमळनेर, मनोहरच्याच शाळेत.
सर म्हणाले, तुझी अडचण मला कळते. तसंच राहू दे, डोकं काढू नकोस.
पण मला आता ते नको झालंय. रोज कुणीतरी पाटील सरांना शाबासकी देतं आणि मी शेजारी भिंगं पुसत असते. शिवाय लग्नानंतर कधी कळलं तर? आयुष्यभर त्या घरात ही एक गोष्ट लपवून गाळणीतून बघत राहायचं?

५ फेब्रु. रविवार
नानांना सांगितलं. आई जवळ बसली होती. नाना बराच वेळ पेपर हातात धरून होते, वाचत नव्हते. मग म्हणाले, "मी त्यांना शब्द दिला होता."
म्हटलं, हो.
"मी खोटा पडेन."
मी उठून लॅबमधून आणलेला मीटर घेऊन बसले, काय मोजत होते माहीत नाही.

६ फेब्रु.
सकाळी चहा घेताना नाना: "मी बोललो तेव्हा ते खरं होतं. आता खरं नाही, तर नाही." थोड्या वेळाने, "मी येतो अमळनेरला. पुढे बसतो."
मग ते कामावर गेले.

१३ फेब्रु. सोमवार
काल. नीट लिहिते.
पडद्याच्या फटीतून पाहिलं, तिसऱ्या रांगेत मनोहर आणि त्यांच्या आई. नाना दुसऱ्या बाजूला, पुढे. सगळ्या वायरी तीनदा तपासल्या होत्या, डोळे शेवटपर्यंत टिकले. अमळनेरचे लोक अहिराणीला जोरात हसले, धुळ्यापेक्षा जास्त. म्हातारी यंत्राला "मना पोरगा" म्हणते तिथे बायकांमधून हुंदका आला.
शेवटी रांगेत उभे राहिलो. हनुवटीचा पट्टा सुटेना, हात ओले झाले होते. म्हातारीचं काम करणाऱ्या मुलीनेच सोडवला. डोकं काढलं. केस सगळे कपाळाला चिकटलेले, कुंकू पुसलेलं. एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग टाळ्या. आधी बायकांकडून.
मनोहर टाळ्या वाजवत होते. त्यांच्या आई पदर सारखा करत उठल्या आणि बाजूच्या दाराने गेल्या. मग तेही गेले.
नाना आत आले. यंत्राचं डोकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हे सगळं तू केलं?" मग म्हणाले, "मागची भोकं अजून चार पाड. केवढा घाम आलाय तुला."

२० फेब्रु.
अमळनेरहून दोन ओळी. तूर्त बोलणी थांबवावी. अक्षर आईंचं.
आईने तिसऱ्यांदा विचारलं, जेवली का. जेवले. रडले पण, थोडी. लॅबमध्ये परीक्षेची तयारी, बरंच झालं.

१ मार्च
दुपारी प्रॅक्टिकल संपवून खिडक्या लावत होते तर दारात मनोहर. सायकलच्या क्लिपा अजून पँटला. स्टँडवरून मित्राची सायकल घेतली म्हणाले. शिपायाला बसवून ठेवलं मी, उगाच कुणी काही बोलायला नको.
पहिलं वाक्य, "डोळे मंद कसे होतात?"
कपाटातून काढून दाखवलं. अंगठा कुठे ठेवायचा ते सांगितलं. ते चारपाच वेळा करत बसले. म्हातारी रडते तिथे किती कमी केले होते, तेही विचारलं. करून दाखवलं.
मग म्हणाले, "आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, आत गुदमरत नसेल का त्या पोरीला. तेवढंच. पत्र मात्र तिने पाठवलं होतं तोवर."
"तुम्ही काय म्हणालात?"
"मी म्हटलं, विचारून येतो."
मी म्हटलं, नाही गुदमरत. पण नाटक मी सोडेन असं आता कुणाला सांगणार नाही. नानांनाही सांगू देणार नाही.
ते म्हणाले, "ते सांगा असं म्हणायला आलो नाही मी. पण आईला वेळ लागेल. किती, ते मला सांगता येत नाही."
चहा घेतला, गेले. मी कप घासले, उरलेल्या खिडक्या लावल्या.

३ मार्च
जळगावला प्रयोग ठरला, एकोणीस तारखेला. ताई-भाऊजी येणार, भाऊजी कारखान्यातल्या चौघांना आणणार. कार्यक्रमपत्रिकेत यंत्राच्या पुढे माझं पूर्ण नाव छापलंय. नानांनी ती घडी करून खिशात ठेवली.
मनोहरना दोन पास पाठवले, पाकिटावर आईंचंही नाव घातलं. येतील का, माहीत नाही. बोरसे सर पहिल्या रांगेतले देत होते. मी पाचव्या रांगेतले मागून घेतले. अगदी जवळून हनुवटीच दिसते, डोळे जरा लांबूनच खरे दिसतात.