जुन्या चिंचवळचा दिवा

नवी चिंचवळ, ता. औसा
१२ नोव्हेंबर २००९

चि. आनंदराज यास,

अक्काचा सप्रेम जयभीम. तारामतीला आणि पोरांना आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा सोडला तर बाकी सगळं जागेवर आहे. अंगणवाडीत यंदा पोरं कमी झाली. ज्यांना जमतं ते लेकरांना घेऊन लातूरला राहायला जातात, पहिलीपासूनच डॉक्टर करायचा आहे म्हणे. आपली बुद्धप्रियाही तिथंच क्लासच्या मागे. एका खोलीत चौघी जणी आणि एक पंखा. फोन करते, पण निम्मं लक्ष पुस्तकात असतं. तूर फुलावर आली आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन लागतो तेव्हा तू मीटिंगमध्ये असतोस, आणि जुन्या गावाचं नाव निघालं की नेमकी तुझी रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही. शेवटपर्यंत वाच.

तुझ्या ऑफिसात आता कळवतील, की जुन्या चिंचवळचा दिव्याचा खांब काढता आला नाही, एका बाईनं अडवलं. ती बाई मी. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

सोमवारी व्यंकटी लाईनमन शिडी घेऊन आला. त्या लाईनीवरचे नदीकाठचे पंप उन्हाळ्यातच नव्या लाईनीवर गेले. आता त्या सगळ्या तारेच्या टोकाला एकच बल्ब जळतो, तोही माणूस नसलेल्या गावात. व्यंकटी म्हणाला, "अक्का, हे यादीत हाय. वरून आलंय."

"वरून म्हंजे कुठून?"

"नांदेडहून. तुमच्याच भावाची सही हाय की!"

"मग त्यालाच सांग, ये अन् काढ म्हणावं. ज्यानं लावला त्यानंच काढावा."

"साहेब कशाला येऊन राहिलेत इथं," असं तो बोलून गेला. मग आपण जास्त बोललो असं वाटून त्यानं शिडी उचलली. माणूस चांगला आहे. इतकी वर्षं बल्ब गेला की मी नवा आणून द्यायची आणि तो चढवायचा. यादी बघून त्यालाही वाईटच वाटलं होतं.

अक्का अडाणीपणानं अडून बसली असं समजू नकोस. तुमच्या कंपनीनं काय ठरवलंय ते मला ठाऊक आहे, कारण मी ते तुझ्याच तोंडून ऐकलं. हो. गेल्या महिन्यात लातूरला क्लासच्या हॉलमध्ये तुझं भाषण झालं, तेव्हा मी सगळ्यात मागच्या ओळीत होते. बुद्धप्रियाला धपाटे द्यायला गेले होते. तिच्या क्लासच्या पोरांना तिथं बसवलं होतं, मीही बसले.

छान बोललास. आपण बटण दाबतो तेव्हा कुठंतरी कोळसा जळतो, त्याच्या धुरानं सगळ्या दुनियेचं हवापाणी बिघडत चाललंय, म्हणून कंपनी आपला धूर कमी करणार. फुकट जळणारे दिवे आणि रिकाम्या लाईनी काढणार, झाडं लावणार. मग तू चष्मा पुसलास आणि म्हणालास, "आम्हाला कुणी सक्ती केली नाही. कायदा नाही, दंड नाही. हा शब्द आम्ही स्वतःहून दिलाय, म्हणून तो जास्त पाळायचा." मी टाळ्या वाजवल्या. बोलता बोलता तू बाबांसारखा कान खाजवत होतास. साहेबराव चोख्यांनी पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून आयुष्य काढलं, आणि त्यांचा पोरगा व्यासपीठावरून दुनियेच्या हवेबद्दल बोलत होता. माझ्या डोळ्यांना धार लागली. शेजारच्या पोरीला वाटलं, मावशीला धुराचं फारच मनावर आलंय.

बुद्धप्रिया म्हणत होती, "चल ना मम्मी, मामाला भेटू." मी म्हटलं, त्याला घाई असेल. तुझी गाडी बाहेर उभीच होती. तू इतका जवळ आला आहेस तर घरी येशील असं मला वाटलं. खरं सांगते, वाटलं. गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली. तुझ्या वाटचे धपाटे मी एसटीत बसून खाल्ले.

आता दिव्याचं सांगते. संध्याकाळी इथं भारनियमन. अख्खी नवी वसाहत अंधारात, एकसारखी घरं, कुणाचं कुठलं तेही कळत नाही. जुन्या गावची लाईन पंपांची, म्हणून ती तेव्हाच चालू. जिथं माणसं आहेत तिथं अंधार, आणि जिथं कुणी नाही तिथं उजेड. लोक हसतात. मी मात्र अंगणात खुर्ची टाकून त्याच बाजूला तोंड करून बसते. उदगीरचं घर सुटलं, तुझे दाजी गेले, पोरगी लातूरला. संध्याकाळी बोलायला दुसरं आहे कोण?

तो खांब कसा आला ते तू पोरांना कधी सांगितलंस का? तू अंधाराला फार भ्यायचास. फाट्यावरून ओढ्यातून येताना माझा हात इतका घट्ट धरायचास की बांगडीचा वळ उठायचा. म्हणायचास, "मी मोठा झालो की हितं लाईट आणतो." वीज मंडळात लागलास आणि खरंच आणलास. आधी गावात कोपऱ्याकोपऱ्याला दिवे होते आणि आपल्या वस्तीत रॉकेल. पहिल्या संध्याकाळी माय खांबाखाली ज्वारी निवडत बसली होती, नुसतं दाखवायला.

आणि त्याच वर्षी तू दगडाचं घर बांधलंस.

बघ, लिहिलं. सोळा वर्षं आपण दोघं या वाक्याला वळसा घालून चाललो आहोत. भूकंपानंतर जो तो म्हणत होता, रेडिओवरही सांगत होते, की झोपड्या राहिल्या आणि दगडमातीची घरं बसली. ते ऐकताना तू मदतीच्या तंबूत माझ्या शेजारी होतास. मी तुझं तोंड बघितलं होतं. तिसऱ्या महिन्यात तू नांदेडला बदली मागून घेतलीस, आणि त्यानंतर या मातीवर पाय ठेवला नाहीस.

मी तुला खोटा दिलासा देणार नाही. मायबाबा झोपडीतच राहिले असते तर कदाचित वाचले असते. पण ज्या बाईला दुसऱ्यांच्या भिंतीला पाठ टेकायची मुभा नव्हती, ती चार वर्षं स्वतःच्या दगडी भिंतीला पाठ टेकून बसली. मी माहेरी आले की मला हात धरून भिंत दाखवायची, "बघ, किती गार लागती." तिला परत झोपडीत चल म्हणणारा कुणी जन्माला आला नव्हता. तू तिला मारलं नाहीस आनंदा. जमिनीनं मारलं.

कंपनीनं स्वतःहून दिलेला शब्द मला कळला. तू स्वतःहून घेतलेली शिक्षा मात्र मला कळत नाही. ती तुला कुणी सांगितली? मायनं? बाबांनी? मी तर नाही सांगितली, पण भोगते मीही.

तुझी यादी बरोबर आहे. तो दिवा फुकट जळतो. तो निघायला हवा, पण तुझ्या हातानं. एक दिवस ये, शिडी व्यंकटी धरेल. तोवर जो जळेल तो जळेल. तेवढा धूर माझ्या नावावर लाव.

तुझीच,
पंचफुलाअक्का


नवी चिंचवळ
२० डिसेंबर २००९

चि. आनंदराज यास जयभीम.

मी बरी आहे. थंडी चांगलीच पडली आहे, हुरड्याचे दिवस आलेत. बुद्धप्रियाला परीक्षेत बरे मार्क पडले.

तुझ्याकडून पत्र आलं नाही. व्यंकटी मात्र आला, सायकलवरून उतरायच्या आधीच ओरडत, "अक्का, काम झालं! साहेबानं तुमचा खांब यादीतून उडवला. सवता सही केली. आता कुणाची हात लावायची टाप न्हाई. काढा पेढे!"

मी त्याला चहा दिला. मला फार राग आला होता, त्याच्यावर नव्हे.

अरे, मी दिवा मागितला होता का? मी तुला मागितलं होतं. ते पत्र नीट वाचलंस ना? का रेंज गेली? हजार माणसांसमोर कंपनीचा शब्द देतोस, तो जास्त पाळायचा म्हणतोस, आणि माझ्यासाठी तोच मोडतोस. दोन शब्दांपैकी तुला तोच मोडायला सोपा वाटला. गावाला न येण्याचा तेवढा पाळलास.

त्या संध्याकाळी अंगणात बसले आणि पहिल्यांदा तो उजेड मला बघवला नाही. आजवर वाटायचं, तिथं मायबाबा आहेत. त्या दिवशी वाटलं, हा तू मला लावून दिलेला राखणदार आहे. तू येणार नाहीस, त्याच्या बदल्यात हा.

दुसऱ्या दिवशी मी व्यंकटीला म्हटलं, खांब काढ. तो दचकला. "अवो अक्का, साहेबानं ठेवलाय तुमच्यासाठी!" मी म्हटलं, "माझ्यासाठी ठेवलाय ना, मग मीच सांगते. काढ." ऑफिसला द्यायला कागद लिहून दिला, सरपंचाची सही आणली. शुक्रवारी सकाळी त्यानं तार उतरवली. शिडी मी धरली होती. बाभळी इतक्या माजल्यात की आपलं जोतं पटकन दिसलं नाही. मायच्या भिंतीतले दोन दगड तेवढे अजून एकावर एक आहेत. हात लावून बघितला. गारच होते.

व्यंकटीनं बल्ब काढून माझ्या हातात दिला. तो देवळीत ठेवलाय, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी.

संध्याकाळी सवयीनं खुर्ची त्याच बाजूला तोंड करून टाकली. कुठं बघायचं तेच कळेना. सगळा एकच अंधार. आनंदा, मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. इतकी वर्षं मी एकटी आहे हे मला त्या दिव्यानं कळू दिलं नव्हतं.

असो. तुझ्या कंपनीचा शब्द मी पाळला आहे. खांब पुन्हा यादीत घाल आणि निघाला असं लिही. कुणी विचारलं तर सांग, बहिणीनं काढला.

आता तुझं तू बघ. तिथं तुला घाबरवायला काही उरलं नाही, घर नाही, दिवा नाही. ओढ्यापासून पुढं अंधार आहे, तुझ्या लहानपणी होता तसाच. कधीही ये, मी फाट्यावर उभी राहीन. हात धरून नेईन. माझ्या हातात आता बांगड्या नाहीत. कितीही घट्ट धरलास तरी वळ उठायचा नाही.

फाट्यावरची,
तुझी अक्का