समुद्राच्या पाण्यातली तूरडाळ

अवसरी खुर्द,
वैशाख, सन २००३

चिरंजीव कुंडलिकराव यांना अवसरीहून दाजींचा पोटभर आशीर्वाद. इकडं कांदा चाळीत भरून झाला, म्हैस व्यायली, आम्ही उभयता धडधाकट आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवा. तुमच्या मंडळींना, भागूबाईंना, आमची आठवण सांगा. त्या माउलीनं टेकडीआडून डोक्यावर आणलेलं हंडाभर पाणी आम्हा पाहुण्यांच्या अंघोळीला काढून दिलं, ते पाणी अजून अंगाला टोचतंय. आता मनातलं लिहितो. तुम्ही रागावू नका, रागवायचं काम मी करतोय.

तुमच्या पाणी कमिटीच्या बैठकीला मला नेलंत ते बरं केलंत, पण पाहुण्यानं बोलू नये असं वाटत होतं तर खुर्ची पुढं कशाला मांडलीत? दोन कंपन्यांचे साहेब आले होते. पहिला म्हणाला, समुद्राचं पाणी तापवू, वाफ धरू, वाफेचं गोडं पाणी करू. (आमच्या ओढ्याकाठी हेच चालायचं, फक्त गुळाच्या पाण्याचं. पोलीस त्याला प्रकल्प म्हणत नसत, एवढाच फरक.) दुसरा म्हणाला, तापवायचं कामच नाही, जोरात दाबून बारीक जाळीतून काढू, मीठ अलीकडं, पाणी पलीकडं. मी वाफवाल्याला जळण विचारलं, तर म्हणे शेजारच्या कारखान्याची वाया जाणारी ऊब वापरू. जाळीवाल्याला म्हटलं, दाबायला वीज लागणार, आणि लाईट गेली की गावानं काय लाटा मोजायच्या? आणि उरलेलं दुप्पट खारट पाणी कुठं सोडणार? तेव्हा मात्र दोघं एका सुरात म्हणाले, खाडीत. मागं बसलेल्या कोळणी ताडकन उभ्या राहिल्या, तर तुमचे अध्यक्ष सावळेराम त्यांना म्हणतात, चहा येतोय, बसा. कुंडलिकराव, मासा चहा पितो का?

माझं डोकं फिरलं ते तिथं. आमच्याकडं नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिल्यांदा त्यात डाळ शिजवतात. डाळ विरघळली तर पाणी माणसाला, कणी राहिली तर जनावराला. (तपासणीचा कागद मागनं येतो, कधी येतही नाही.) म्हणून दोन्ही साहेबांकडून नमुन्याची एकेक बाटली मागून घेतली आणि तुमच्या बहिणीनं भागूबाईंच्या परसात दोन चुलींवर दोन पातेली चढवली. सगळी कमिटी भोवती उभी. जाळीच्या पाण्यातली डाळ गोट्यांसारखी खुळखुळत राहिली, वाफेच्या पाण्यातली लोण्यासारखी झाली. तरी सावळेराम मलाच म्हणाले,

"पाव्हणं, डाळीवरनं कुठं प्रकल्प ठरतो काय?"

"मग कशावरनं ठरतो? चहावरनं?"

लोक हसले आणि एकजात सगळे हात वाफेच्या बाजूनं वर झाले. आणि आता तुमचं पत्र येतं की सावळेराम पुन्हा जाळीकडं झुकलेत, ग्रामसभेत ठराव फिरवणार आहेत. तिकडं भागूबाईंची मान हंड्याखाली मोडायला आली आणि हे बुवा कोलांट्या मारतात. तुम्ही ग्रामसभेत उभं राहा आणि ठणकावून सांगा, आमच्या दाजींनी डोळ्यांनी बघितलंय. डाळ कुणाच्या बापाला भीत नाही. बेधडक वाफेवर सह्या करा, पुढचं मी बघतो.

तुमचे दाजी,
धर्माजी

ता. क. पत्र तुमच्या बहिणीला वाचून दाखवलं. साळुबाई विळी बाजूला ठेवून हसतीय. म्हणते, वाफेची बाटली तिनं उघडलीच नाही. खाऱ्या दर्याचं गोडं झालेलं पाणी म्हणजे तीर्थ, "तीर्थ का कुणी चुलीवर चढवतं व्हय?" असं मलाच विचारतीय. बाटली बोचक्यात बांधून आणली, ती देव्हाऱ्यात गंगेच्या गडूशेजारी हळदकुंकू लावून उभी आहे. परगावचं पाणी बाधतं म्हणून प्रवासात ती आपल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून नेते. दुसऱ्या पातेल्यात ते होतं.

आणखी ता. क. तेव्हा सह्या थांबवा, वाफेवरच्याही आणि जाळीवरच्याही. दोन्ही साहेबांना परत बोलवा, बाटल्या चारचौघांत फोडा, डाळ भागूबाईंच्या हातानं शिजू द्या आणि खाडीचं आधी कोळणींना विचारा. सावळेरामांनी कारण विचारलंच, तर सांगा की तुमच्या गावानं आजवर एकमतानं मंजूर केली आहे ती आमची विहीर, आणि ती अवसरीहून हलत नाही.