परत आलेल्या दातांचा डबा

१४ ऑगस्ट, सोमवार

प्रिय खारूताई,

आशीर्वाद. ते लिहायचा हक्क मला उरलाय की नाही ते तू ठरव, पण लिहिलेलं आता खोडत नाही.

चार वर्षांनी पत्र, आणि तेही घरोघरी फोन असताना, म्हणजे पाकीट तू दोनदा उलटसुलट करून पाहिलं असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन तू उचलला असतास तर मला बोलायला सुचलं नसतं, आणि उचलला नसतास तर ते सोसलं नसतं. म्हणून कागद.

माझं ठीक चाललंय. गुडघे कुरकुरतात. वरच्या मजल्यावरचा नळ अजून गळतो, त्याखालची बादलीही तीच. लॅब चालू आहे, पण दातांच्या कॅपची कामं मी बंद केली. आता फक्त कवळ्यांच्या तारा आणि धातूच्या पट्ट्या करतो. लोकांना सांगतो की रंगाचं काम डोकेदुखीचं असतं. भावजींना नमस्कार सांग. भाचेबुवांना मिसरूड फुटलं असेल.

खरी बातमी अशी की बारा दिवसांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. उजव्यातही आहे, तो पुढे कधीतरी. न्यायला-आणायला शेजारचे टेलरकाका होते. दिवसातून चार वेळा थेंब घालायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलंय. सुईत दोरा ओवणारा माणूस, मला वाटलं नेम अचूक असेल. पहिले दोन दिवस अर्धं औषध माझ्या कानाने प्यायलं. तुझी वहिनी असती तर दोघांनाही बोलली असती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. मी विचारलं, भिंगाला झालं काय नेमकं? त्यांनी पेन खाली ठेवून नीट सांगितलं, म्हणून तुलाही सांगतो, तुला असलं आवडतं. आपल्या डोळ्यातलं भिंग म्हणजे ठासून भरलेली प्रथिनं. ती इतकी नीट रचलेली असतात की उजेड आरपार जातो. अंगातलं बाकीचं बहुतेक सगळं झिजतं आणि नवं होतं, पण भिंगाच्या मधल्या भागातली प्रथिनं आईच्या पोटात असताना तयार होतात आणि तीच शेवटपर्यंत पुरवायची असतात. बदली माल येत नाही. वयाबरोबर ती बिघडतात, घडी मोडते, एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मग उजेड अडतो, विखुरतो, आणि भिंग पिवळं पडत जातं. त्यांतच एक प्रथिन असं असतं की ते दुसऱ्या बिघडलेल्यांना धरून ठेवतं, गुठळी होऊ देत नाही. वर्षानुवर्षं ते सांभाळून घेतं, म्हणून आपल्याला काही कळतच नाही. त्याचाही साठा संपला की मोतीबिंदू. बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला वाटतं अचानक झालं. अचानक काही होत नाही."

पट्टी निघाल्यावर घरी आलो, तर माझा मळकट सदरा चक्क पांढरा निघाला. मग लॅबमध्ये जाऊन शेड गाईड काढलं, तीच आपली नमुन्याच्या दातांची पट्टी. डावा डोळा मिटून उजव्याने पाहिलं, तर पहिले चार दात सारखेच. उजवा मिटून डाव्याने पाहिलं, तर चारही वेगळे, आणि चौथा चांगला पिवळा. शाळकरी पोरासारखा एकेक डोळा मिचकावत मी तासभर बसलो होतो.

म्हणून परत आलेल्या दातांचा डबा खाली काढला. बाबांनी लावलेली शिस्त, आठवतं ना? दातांच्या डॉक्टरकडून परत आलेली प्रत्येक कॅप डब्यात जाणार, सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि खूण. शेवटचा हात ज्याचा, खूण त्याची. तुझी 'खा', माझी 'दा'. ज्यांवरून आपलं बिनसलं त्या नऊ कॅप नव्या डोळ्याने पाहिल्या. सगळ्या पिवळट आहेत. डॉक्टर मंडळी खोटं बोलत नव्हती.

तेव्हा माझे डोळे बिघडलेले असणार, हे आता मान्य करायला हवं. तू बोलली होतीस, मी ऐकलं नाही. तुझाही हात थोडा चुकला असेल, थोडं माझं. चूक दोघांची म्हणू आणि सोडून देऊ. इतकं जुनं झालंय आता.

उत्तर आलं तर आनंद होईल.

तुझा,
दादा


२३ ऑगस्ट

दादा,

पत्र मिळालं. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नकोस. आंघोळ मानेखालूनच कर. टेलरकाकांना सांग, थेंब घालताना खालची पापणी ओढायची, मग कानात जात नाही.

चूक दोघांची, असं लिहिलंस. डब्यातल्या चिठ्ठ्यांवर तारखा आहेत. त्या ओळीने लाव आणि मग लिही. घाई करू नकोस, नव्या डोळ्याला ताण सोसत नाही.

खारू


४ सप्टेंबर, सोमवार

प्रिय खारूताई,

आशीर्वाद. तुझं पत्र आल्याला आठ दिवस झाले. त्यातले सहा दिवस मी डबा उघडला नाही. नळ मात्र दुरुस्त केला. त्यावरूनच तुला कळेल की मी कशापासून पळत होतो.

परवा चिठ्ठ्या टेबलावर ओळीने लावल्या. नऊच्या नऊ एकाच दीड महिन्यातल्या. तुझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि तू त्यांच्यापाशी राहिलीस, तोच दीड महिना. त्याच्या आधीची चिठ्ठी शोधली, ती त्याहून सव्वादोन वर्षं जुनी, आणि तिच्यावरची तक्रार रंगाची नव्हतीच, कॅपच्या उंचीची होती.

आता जे लिहितोय ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. मला तेव्हा ठाऊक होतं, खारू. डोळे बिघडलेत हे मला त्या सव्वादोन वर्षांत रोज ठाऊक होतं. एका सकाळी शेड गाईड उघडलं आणि पहिला दात कुठला, दुसरा कुठला, समजेना. खिडकीशी नेलं, दिव्याखाली धरलं. त्या दिवसापासून मी दाताच्या मागे छापलेला आकडा वाचून शेड सांगायला लागलो, आणि शेवटचा रंग अंदाजाने देत होतो. गावभर माझी ख्याती काय, तर याला रंगाची नजर आहे. ती गेली तर माझ्याकडे उरतं काय, असं वाटायचं. म्हणून गप्प राहिलो. आणि सव्वादोन वर्षांत एकही कॅप परत आली नाही तेव्हा मी स्वतःला सांगितलं, डोळ्यांनी काय होतंय, आपला हात सवयीनेच बरोबर जातो.

पण शेवटचा रंग मी दिला तरी ट्रे भट्टीपाशी तू न्यायचीस. भट्टीत जाईपर्यंत तो रंग ओला असतो, कापसाने पुसता येतो. एकदा मी पाणी प्यायला उठलो होतो. तू पाठमोरी होतीस. तुझ्या हातात कापूस होता आणि कानाच्या मागे बारीक ब्रश. ट्रे पुसत असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि वळून जागेवर जाऊन बसलो. ट्रे पुसायला ब्रश लागत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

सव्वादोन वर्षं तू माझा प्रत्येक दात पुसलास आणि पुन्हा रंगवलास. मला एका शब्दाने कळू दिलं नाहीस. तू गेलीस, भट्टी मी लावली, आणि दीड महिन्यात नऊ परत आल्या. डॉक्टरीणबाई त्या सांभाळून घेणाऱ्या प्रथिनाचं सांगत होत्या तेव्हा मी नुसता मान डोलवत होतो. परवा चिठ्ठ्या पाहताना त्यांचं बोलणं खरं कळलं.

तू परत आलीस तेव्हा पहिल्यांदा म्हणालीस, "दादा, एकदा डोळे दाखवून ये ना." तेही दोघंच असताना, हळू आवाजात. आणि मी दुसऱ्या दिवशी चौकातल्या दातांच्या डॉक्टरांसमोर काय म्हणालो? "तिचं लक्ष हल्ली सासरी असतं, हाताची सफाई गेली." चिठ्ठ्या पुढे केल्या. नऊ चिठ्ठ्या, नऊ वेळा 'खा', आणि अक्षर माझं. खालचे थर तू जाण्याआधी चढवून ठेवले होतेस, तुझ्यावर ढकलायला तेवढं निमित्त मला पुरलं. शेवटचा हात माझा होता. बाबांच्या नियमाने तिथे 'दा' हवं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवणारे पुष्कळ असतात, मी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ उचलून तुझ्या डोळ्यात घातलं. तू वाद घातला नाहीस. ब्रश धुतलास, फडक्यावर वाळत ठेवलास आणि गेलीस. ते फडकं चार वर्षं तिथेच आहे.

तू नंतर धरलीस त्या तिकडच्या लॅबमध्ये तुला फक्त प्लास्टर ओतायला बसवतात, रंगाला हात लावू देत नाहीत, हे माझ्या कानावर दोन वर्षांपूर्वीच आलं होतं. का लावू देत नाहीत तेही कळलं होतं. चौकातले डॉक्टर बोलके आहेत आणि सगळ्या लॅबवाल्यांना ओळखतात. मी कळूनही गप्प बसलो. मला वाटतं, मूळ खोटेपणापेक्षा ही दोन वर्षं जास्त वाईट आहेत.

काल डबा घेऊन चौकातल्या डॉक्टरांकडे गेलो. तीन पेशंट बसले होते, पण थांबलो तर पाय मागे फिरेल म्हणून तसाच आत शिरलो. सगळं सांगितलं, आकडे वाचण्यापासून. त्यांनी नऊ कॅप एकेक करून उजेडात धरल्या. मग विचारलं, "म्हणजे त्याआधी दोन वर्षं मला जी कामं येत होती, ती कुणाची?"

"बहिणीची."

"आणि तुम्ही तिलाच..." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला. मला बसा म्हणाले नाहीत. बरंच झालं. तुझ्या लॅबच्या मालकांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. जे मी त्यांना सांगितलं तेच त्यांनी तिकडे सांगितलं, माझ्या नावानिशी. तिकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण आता तुझ्या हातात ब्रश दिला नाही, तर मी स्वतः येऊन त्यांना डबा दाखवीन.

माफ कर, असं लिहायला बसलो की लाज वाटते, कारण माफी मागितली की तुझ्यावरच ओझं. तरी मागतो. मला फार चुकल्यासारखं वाटतंय, खारू, आणि तुझी फार आठवण येते.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पुढच्या बुधवारी, १३ तारखेला, काढायचाय. खरं सांगू? मुद्दाम लांबवत होतो. तो डोळा तसाच असेपर्यंत 'मला तर सारखंच दिसायचं' असं म्हणायला जागा होती. आता ती नको. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी न्यायला कोण येणार? टेलरकाका दारातच उभे होते, खालची पापणी ओढायला आता पक्के शिकलेत. तरी मी म्हटलं, विचारून सांगतो.

तर विचारतोय. आली नाहीस तर रागावणार नाही, टेलरकाका आहेतच. आलीस तर फडक्यावरचा ब्रश तुझा आहे, जाताना घेऊन जा.

सोबत नऊ चिठ्ठ्या पाठवतो. प्रत्येकीवरची खूण खोडून खरी घातली आहे. या पत्रावरही तीच घालतो, कारण शेवटचा हात माझा आहे.

दा