दाराबाहेरचे तीन तांबे

सेलू, मंगळवार, दिवेलागण

आमच्या सराईत एकच व्यापारी उतरलाय, असं मी नाक्यावर सांगितलं होतं. त्याच्या खोलीत निजामाच्या पोलिसांपासून लपलेले दोघं जास्तीचे होते. पण बायकोनं सवयीनं पाय धुवायला दाराबाहेर माणशी एक तांबा भरून ठेवला. तीन तांबे! काय म्हणावं हिच्या हाताला?

तपासणीला आलेल्या पोलीस जमादारानं ते मोजले अन् दारावर लाथ घातली.

"आदमी एक, फिर लोटे तीन कायकू?" म्हणत त्यानं तांब्यानंच व्यापाऱ्याचं डोकं फोडलं. त्या दोघांना फरफटत बाहेर काढलं. तांब्याला पोचा पडला.

जाताना जमादारानं पाणी मागितलं. हिनं तोच पोचा पडलेला तांबा विसळून भरून दिला. अन् मी? मी म्हणालो, "सावकाश प्या, साहेब."