बरोबर दिली, पण कुणाला

१९ जानेवारी, सोमवार
दिन्या, आज कोणता वार हे तुला ठाऊक नसणार. लेकीला दवाखान्यात सोडून तिची चप्पल ट्रेलरमध्ये घेऊन न्हावा शेव्याला गेलेला बाप तू. म्हणून तुझ्या बहिणीला, वंदीला, समोर बसवून सगळं लिहून घेते. मी 'नाय' बोलते, ती 'नाही' लिहिते. असो.
ओवीला ताप नाही. रक्त नेलं तपासायला. रिपोर्ट हल्ली डॉक्टरीण सांगत नाही, तू दिलेल्या फोनातलं दवाखान्याचं मशीन सांगतं, विचारलं की उत्तरपण देतं. मला अक्षर येत नाही, ओवी वाचून दाखवते. नऊ वर्षांची पोर, वाचते बातम्यांतल्या बाईसारखी.

२० जाने., मंगळ.
दुपारी फोन वाजला. ओवी वाचायला लागली, "ओवीचा रिपोर्ट आला आहे..." मग नुसतं बोट सरकवत राहिली.
"पुढं?"
"एवढंच हाय, आजी. झोप तू."
संध्याकाळी वंदीनं वाचलं. पुढं पुष्कळ होतं. रक्ताचा कॅन्सर परत आलाय. आधीच्या औषधांचा आता उपयोग कमी... खाली फुलाचं चित्र. अन् मशीनचा प्रश्न, "आणखी काही विचारायचंय का?"
पोरीनं विचारलं होतं. "हे आजीला कसं सांगू?"
शांत जागा निवडा, म्हणे. ह्या वार्डात.
तिच्यासमोर जेवल्यासारखं केलं. तिनंही.

२१, बुध.
काउंटरवर गेले. टायवाला पोरगा म्हणतो, "आजी, ते फक्त पालकांसाठी आहे. आधी विचारतं, तुम्ही पालक आहात का."
ओवी रोज हो दाबते. नाहीतर उघडत नाही. दाब गं, मीच म्हणायची. पण पोर स्वतःचीच पालक झाली, अन् एकालाही ते दिसलं नाही?
मोठ्या डॉक्टरला जिन्यात गाठलं.
"माहिती बरोबरच दिलीये, आजी."
"बरोबर दिली रे बाबा. दिली कुणाला? आमच्या जात्यावरच्या ओव्यांत वाईट निरोप माणूस घेऊन येतो. आधी पोरांना बाहेर पाठवतो, म्हाताऱ्यांना बसवतो, मग तोंड उघडतो."
मशीन रात्रीपण उत्तर देतं म्हणाला. मग पगार त्यालाच द्या, म्हटलं. गेला निघून.
ओवी अजून 'एवढंच' म्हणते. मीपण बरं म्हणते. संताप होतो नुसता.

२२, गुरु.
आमची डॉक्टरीण आली. बाकावर टेकली माझ्याशेजारी. उद्या सकाळी ओवीच्या खाटेवर बसून तिला स्वतः सांगते म्हणाली. दुसरं औषध सुरू करणार.
"लागू पडंल?"
"सांगता येत नाही, आजी."
हिच्याशी भांडले नाही.
फोन वंदीच्या पर्समध्ये. ओवीनं विचारलं, कुठं गेला? चार्जिंगला, म्हटलं. बघत राहिली माझ्याकडे...
तू उद्या ये. गाडी दुसरा कुणी चालवेल. शेजारच्या कल्पनाला सांग, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं पाठव, गरम. डॉक्टरीण सकाळपासून उपाशी असते, तिच्यापुरतं जास्त. मिरची अजिबात नको. ओवीच्या तोंडात फोड आलेत.