फुलांखाली दगड होता

अण्णा,

आज हँगरमध्ये पुन्हा तुमचं नाव निघालं आणि माझं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आता तुमच्या त्या वेळच्या वयाला टेकले आहे, केस पिकलेत, आणि चिकलठाण्याच्या त्याच धावपट्टीवर, त्याच फ्लाइंग क्लबात, तुमच्याच जागी मी पोरापोरींना विमान शिकवते. शहराचं नाव बदललं, जालना रोडला पूल आले, धावपट्टीपलीकडच्या रानात वसाहती उठल्या. तुमचा फोटो तेवढा आहे तिथंच आहे, हँगरच्या दाराशी. दर दसऱ्याला त्याला हार घालतात आणि कुणीतरी उठून सांगतं की इंजिन बंद पडलं तरी सरांनी विमान वस्तीच्या पुढं नेलं, स्वतः गेले पण खाली कुणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. लोक टाळ्या वाजवतात. खोटं नाही ते, म्हणून मीही वाजवते. पण इंजिन बंद का पडलं, हे आजवर एकानंही उठून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट आधी सांगते. माझी एक विद्यार्थिनी, कन्नडकडची, एकटीनं फेरी मारून उतरत होती. नाक जरा आधी टेकलं, विमानानं उडी घेतली आणि परत खाली येताना नाकावरच्या पंख्याचं टोक धावपट्टीला घासलं. आवाज मला लांबूनही ऐकू आला. इंजिन चालूच होतं, पोरगी तशीच पुढं येत होती. मी वायरलेसवर सांगितलं, आहेस तिथंच थांब, इंजिन बंद कर, खाली उतर. मग आम्ही चौघांनी विमान हातानं ढकलत हँगरला आणलं. मालक आले. म्हातारे मालक नाहीत, त्यांचा मुलगा. त्यानं पंख्याच्या टोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, नुसतं घासलंय. कानस मारली की झालं." मी म्हटलं, इंजिन उघडायचं. "अहो, महिना जाईल त्यात! पोरांच्या परीक्षा तोंडावर आल्यात." मी म्हटलं, जाऊ दे महिना. तेवढ्यात तुमचे ते दोस्त, जे अजून रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात, तंबाखू मळत बोलले, "अण्णा असते ना, तर चहा निवायच्या आत उडवलं असतं इमान. जिगर लागते बाई त्याला."

मी म्हटलं, "काका, अण्णा का नाहीत?"

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मालक फोनवर बोलायला बाहेर गेला. विमान हललं नाही, कारण उड्डाणाला सोडायच्या सहीचा अधिकार माझा आहे. पण महिनाभर त्या हँगरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पोरं सुद्धा मागं हसायची, मॅडम घाबरट आहेत म्हणायची. आणि रोज आत शिरताना तुमचा फोटो, तो गॉगल लावलेला, मिशीत हसणारा.

पंखा लागला की इंजिन उघडायचं, हा नियम काय मी माझ्या आईच्या माहेराहून आणला होता? तुम्हीच शिकवला मला, आणि विमानात बसायच्या कितीतरी आधी. आपण छावणीत भाड्यानं राहत होतो. आई पिशोरला गेलेली, स्वयंपाक माझ्या गळ्यात. मी मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी लावली आणि चमचा आतच राहिला. कडाडकन आवाज होतो. मी बटण बंद करते, वाकडा झालेला चमचा काढते, बोटानं पातं फिरवून बघते. फिरतंय. पुन्हा बटणाकडं हात नेते तोच तुम्ही मागून येऊन पिन उपटता. इतक्या जोरात की मी दचकून ओट्याला आदळते.

"आवाज आला का नाय?"

"आला. पण फिरतंय की नीट."

"फिरतंय म्हणून काय झालं? लागतं ते काय वरच लागतं व्हय? धक्का आत जातो. आतलं वरून दिसत नसतं, पोरी. आवाज आला की थांबायचं, उघडायचं, बघायचं. मग पुढचं."

मग तुम्ही पेचकस घेऊन मिक्सर ओट्यावर उघडलात. खालच्या रबरी चाकाचे दोन दात तुटले होते. ते मला दाखवताना तुम्हाला एवढा आनंद झाला की मला वाटलं, आता शेजाऱ्यांना बोलावताय. त्या दिवशी आपण दूधभाकरी खाल्ली आणि चटणी शेजारच्या मावशींच्या घरून आली. पुढं क्लबात मी शिकायला लागले तेव्हा तोच धडा तुम्ही पंख्यावर गिरवून घेतलात. पंखा गवतातल्या खुणेला लागला तरी थांबायचं, उभ्या शिडीला लागला तरी थांबायचं, नुसतं ओझरतं लागलं तरी थांबायचं. "बाहेरून बोट फिरवणं म्हणजे तपासणी नव्हं. ते देवाला नमस्कार केल्यासारखं झालं," असं तुम्ही म्हणायचात. किती शिकाऊ पोरांना तुम्ही या एका गोष्टीवरून रडवलंत. मला तर सर्वांत जास्त, मालकाची नव्हे, मास्तरांची पोरगी म्हणून.

आणि मग तो दसरा. आपल्या क्लबाची रीत होती, साऱ्या शहरात कुणाची नसेल अशी. सकाळी विमानांची पूजा आणि त्यानंतर सीमोल्लंघनाची फेरी. लोक गावाची वेस ओलांडतात, आपण विमानानं ओलांडायची, देवगिरीच्या किल्ल्यापर्यंत जाऊन यायचं आणि मग खाली उतरून सोनं वाटायचं. तुम्हाला या फेरीचा केवढा अभिमान. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा त्या एका दिवसासाठी असायचा. विमानाच्या नाकासमोर काळा दगड ठेवून त्यावर नारळ फोडायचे. मग त्याच दगडावर हळदकुंकू, वर झेंडूचा ढीग, हा येतो फूल टाकतो, तो येतो फूल टाकतो. दरवर्षी पूजा झाली की विमान हातानं मागं ओढून मग वळवायचे. त्या वर्षी कुणी मोठे पाहुणे आले होते, त्यांना फेरीत न्यायचं होतं आणि त्यांना घाई होती. पाहुणे मागच्या सीटवर, मी तुमच्या शेजारी. तुम्ही तिथंच इंजिन चालू केलंत आणि विमान पुढं घेतलंत. पुढं फुलांचा ढीग दिसत होता. फुलांखाली दगड होता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि एकालाही त्या क्षणी आठवलं नाही.

टण्ण असा आवाज झाला. सगळं विमान थरथरलं आणि झेंडूची फुलं भसकन वर उडाली, काचेवर, पंखावर, लोकांच्या डोक्यावर. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या, अण्णा.

तुम्ही इंजिन बंद केलंत, खाली उतरलात. तेवढं केलंत. मीही उतरले. पंख्याच्या एका पात्याच्या टोकाला नखाएवढी खाच होती. तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवलात, पंखा हातानं एकदा फिरवून पाहिलात आणि म्हणालात, "काय नाय. चला."

मी म्हटलं, "अण्णा, इंजिन उघडायला पाहिजे."

"आज? दसऱ्याचं?"

"तुम्हीच सांगता ना, आतलं वरून दिसत नाही म्हणून."

तुम्ही लोकांकडं पाहिलंत. म्हातारे मालक हार घेऊन उभे होते, फोटोवाला उभा होता. आवाज खाली आणून बोललात, "पूजा केलेलं विमान दसऱ्याला खाली ठिवायचं? वर्षभर अपशकुन. लोक काय म्हणतील? लई शिकवू नको मला, सगळ्यांपुढं."

मी हात धरला तुमचा. तुम्ही सोडवून घेतलात. "तुला भ्या वाटतंय तर राहा तू खाली," असं म्हणालात, मोठ्यानं, आणि बाजूची माणसं हसली. पाहुण्यांना तेवढ्यात कसलंसं काम आठवलं आणि तेही उतरले, त्यांना मात्र कुणी हसलं नाही. मग तुम्ही एकटेच चढलात. काच लावायच्या आधी माझं तोंड पाहून म्हणालात, "रुसू नको. आल्यावर सोनं देतो."

मी शेवटपर्यंत ओरडत होते. हे मी आईलाही सांगितलं नाही, कसं ओरडले ते. वाटेत उभी राहिले असते, पण दोघांनी मला बाजूला धरलं होतं. विमान वर गेलं, वळलं, आणि किल्ल्याकडं जाण्याआधीच इंजिनचा आवाज थांबला. पुढचं सगळं लोक सांगतात तसंच आहे. तुम्ही वस्ती टाळलीत, कापसाच्या रानात उतरवलंत, बांध आडवा आला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी मला बोलावून हातावर एक तुटका खिळा ठेवला, करंगळीच्या पेराएवढा. इंजिनच्या मागच्या टोकाला दातेरी चाक असतं, ते जागेवर धरणारा. दगडाचा धक्का पंख्यातून आत जाऊन त्याच्यापर्यंत पोचला होता. थोडा वेळ त्यानं तग धरला आणि मग सोडलं. उघडलं असतं तर दिसलं असतं का, मी विचारलं. साहेब म्हणाले, "उघडलं असतं तर हेच बघितलं असतं, बाळ." घरी येऊन मी आईला सांगितलं, तर ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "गेलेल्या माणसाला नावं ठेवू नये." म्हातारे मालक म्हणाले, दसऱ्याचं मरण, भाग्यवान माणूस. दोस्त म्हणाले, वाघ होता. तुम्हाला नावं ठेवायला कुणीच तयार नव्हतं. ते एकटं काम माझ्या वाट्याला आलं आणि मी ते इतकी वर्षं मनातल्या मनात करते आहे.

एखादा अडाणी, बेफिकीर माणूस असता तर मी केव्हाच माफ केलं असतं. तुम्हाला ठाऊक होतं. मिक्सरच्या रबरी चाकासाठी थांबलात आणि स्वतःसाठी नाही थांबलात. चार लोकांच्या टाळ्या आणि एक सदरा, एवढ्यावर तुम्ही मला आणि आईला मोडीत काढलंत. मला सगळ्यांदेखत घाबरट म्हणून गेलात, आणि ते शेवटचं. शेवटचं नव्हे, शेवटचं बोललात ते सोनं देतो म्हणून. ते तर त्याहून वाईट. क्लबात शिकवणाऱ्यांची मुख्य झाल्यावर मी पहिलं काय केलं सांगू? ती फेरी बंद केली. दसऱ्याला विमानांची पूजा होते, नारळ फाटकाबाहेर फुटतो आणि दिवसभर एकही इंजिन चालू होत नाही. म्हणतात, बाईनं रीत मोडली. म्हणू देत.

आज इंजिनचा निकाल आला. सगळं उघडून, धुऊन, भिंगाखाली बघितलं. काही नाही. एक तडा नाही, एक खिळा ढिला नाही. मालकानं फोन माझ्यापुढं धरला आणि तोंडभर हसला, "बघा. म्हटलं होतं की नाही?" काका खुर्चीतून म्हणाले, "अण्णांना हे बघून लई हसू आलं असतं." ती पोरगी खाली मान घालून उभी होती. सगळे गेल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, मग उगाच थांबलो का आपण?" मी म्हटलं, "हो, उगाच थांबलो. पुढच्या वेळीही उगाच थांबायचं."

तिला बोलले तेवढं सोपं मला गेलं नाही. हे पत्र कुठं जाणार नाही, आईच्या हाती तर मुळीच लागणार नाही, म्हणून लिहून टाकते. महिनाभर मी तडा निघायची वाट बघत होते. ती पोरगी वाचली याचा आनंद नंतर, आधी तडा. मालकाच्या नाकापुढं धरायला, काकांच्या नाकापुढं, तुमच्या त्या फोटोपुढं. निकाल वाचला तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं, आणि मला चक्क राग आला.

मग घरी येताना, मुकुंदवाडीच्या सिग्नलला, एक वेगळंच डोक्यात आलं. त्या दसऱ्याला तुम्ही थांबला असतात, सदरा काढून इंजिन उघडलं असतंत, आणि आजच्यासारखंच आत काहीही निघालं नसतं, तर काय झालं असतं? तुम्ही मला जन्मभर बोलला असतात. दर दसऱ्याला, जेवायच्या ताटावर, पाहुण्यांदेखत, माझ्या नवऱ्यादेखत, "हिच्या नादानं माझी फेरी बुडाली, नुसती भित्री पोरगी." मी चिडून पाटावरून उठले असते आणि आईनं तुम्हाला दटावलं असतं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि मी गाडी तशीच उभी ठेवून रडत होते. मला ती बोलणी खायची होती, अण्णा. तुमच्या बाबतीत मला बरोबर ठरायचं नव्हतं.