एका श्वासातले आकडे

प्रिय दादा,

आज दवाखान्यात मी तुझीच परीक्षा दिली आणि पास झालो. म्हणून तुला लिहायला बसलोय. दुसऱ्या कोणाला सांगू?

तुझा स्नायूंचा आजार आता माझ्याही छातीत उतरलाय. श्वास मोजायला फुंकायच्या नळीभोवती ओठ नीट मिटेनात, हवा कडेने निसटायची. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दादाजी, एक साँस में गिनती बोलिए, जितनी हो सके.” आणि मी सुरू झालो, तू शिकवलेल्या युक्तीने!

आठवतं? आपल्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या गणेशोत्सवात पाठांतराची स्पर्धा असायची. तू शिफ्ट संपवून यायचास, ग्रीसचे हात धुवायचास आणि मला शार्दूलविक्रीडित म्हणायला उभं करायचास. “अरे बावळटा, श्वास संपल्यावर घेतात का? शब्दाच्या पोटात चोरायचा. परीक्षकाला छाती हललेली दिसता कामा नये!”

दवाखान्यात तूही तेच केलंस ना रे? रात्री श्वासाचं मशीन लावायला नको म्हणून? बाहेर येऊन मला डोळा मारलास. “फसवलं बघ!” कोणाला फसवलंस, दादा? त्याच थंडीत झोपेत गेलास.

आज बाई म्हणाल्या, “बहुत बढ़िया! मशीन की अभी ज़रूरत नहीं.” आमच्या सूनबाईंनी, मधुराने, येताना जिलबी घेतली. “बाबा, तुम्ही तर तरुणांना लाजवाल!” तिच्या त्या आनंदात मी पुरता अडकलोय. आडवा झालो की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, हे आता कोणत्या तोंडाने सांगू? दुपारीसुद्धा खुर्चीतच असतो, उशा टेकून. खिडकीतून ओस पडलेली क्वार्टर्स दिसतात, बाकी काही नाही.

खरं सांगू? मला त्या मशीनच्या मास्कचीच भीती वाटते. तोंडावर पट्टे आवळल्यावर कविता कशी म्हणायची? मनातल्या मनात म्हटलेली कविता ती काय कविता! तुलाही हेच वाटलं होतं का? एकदा तरी बोलायचं होतंस. दोघं मिळून घाबरलो असतो!

मधुरा आत चहा टाकतेय. आता तिला हाक मारीन, सगळं सांगीन. उद्या पुन्हा दवाखान्यात जाईन, आडवं करून तपासा म्हणेन. ती रडेल, चिडेलही. चिडू दे. बांधू देत तो मास्क.

तुझी आठवण फार येते, दादा. पण तुझ्याकडे यायला मी उशीर करणार आहे, हवा तेवढा. वचन!

तुझा धाकटा,
बंडू